युद्धातील निरपराध्यांचे मृत्यू : ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपले तारापूर

दरवर्षी १ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा देवमाता मरियेचा सोहळा साजरा करते. पोप सहावे पॉल यांच्या इच्छेनुसार १९६८ सालापासून हाच दिवस जागतिक शांतता दिन म्हणूनही पाळला जातो. पालघर, बोईसर, डहाणू परिसरातील भाविक नववर्षाच्या मिस्सेत शांततेसाठी प्रार्थना करीत असतात, त्याच दिवशी नवी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे भारत व पाकिस्तान परस्परांना काही याद्या सुपूर्द करतात. एका यादीत आपापल्या देशातील अणुकेंद्रांची नोंद असते, तर दुसरीत एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या नागरी कैद्यांची व मच्छीमारांची. या दोन्ही याद्यांचा आपल्या किनारपट्टीशी थेट संबंध आहे.

युद्धात शस्त्र न धरणाऱ्या माणसाचे प्राण घेणे कधी तरी योग्य ठरू शकते काय, हा प्रश्न फार जुना आहे. तो दूरच्या देशांचा प्रश्न आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तारापूरच्या परिसरात राहणारा प्रत्येक जण या प्रश्नाच्या मध्यभागी राहतो. म्हणूनच या विषयावरील ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपल्या परिसराशी निगडित असलेली माहिती येथे एकत्र देत आहोत.

नागरिक म्हणजे कोण?

युद्धविषयक नीतिशास्त्रात ‘निरपराध’ या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. येथे निरपराध म्हणजे निष्पाप किंवा सज्जन मनुष्य नव्हे. जो कोणाला इजा करीत नाही, लढाईत प्रत्यक्ष भाग घेत नाही, तो निरपराध. शेतकरी, मच्छीमार, कारखान्यातील कामगार, शिक्षिका, बालके, वृद्ध हे सर्व या व्याख्येत येतात. इतकेच नव्हे, तर शस्त्र खाली ठेवलेला सैनिक, जखमी सैनिक आणि युद्धकैदी यांनाही हेच संरक्षण मिळते. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी या तत्त्वाला कायद्याचे रूप दिले. भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश त्या करारांना बांधील आहेत. भारताच्या संसदेने त्यासाठी १९६० साली स्वतंत्र कायदाही केला.

पवित्र शास्त्राचा आधार

उत्पत्तीच्या पुस्तकातील अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी परमेश्वराजवळ रदबदली करतो. दुष्टांबरोबर नीतिमानांचाही संहार होणार काय, हा त्याचा प्रश्न आहे. पन्नासापासून सुरू झालेली ती विनवणी दहापर्यंत येते, आणि दहा नीतिमानांसाठीही नगर वाचविण्यास परमेश्वर राजी होतो. नगरातील अपराध्यांच्या संख्येपेक्षा थोड्या निरपराध्यांचे प्राण अधिक मोलाचे ठरतात, ही या कथेची शिकवण होय. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात निरपराध व नीतिमान माणसाच्या वधाला स्पष्ट मनाई आहे.

नव्या करारात बेथलेहेमच्या बालकांची कथा येते. हेरोदाला भीती होती एका बालकाची, परंतु आपले सिंहासन सुरक्षित राहावे म्हणून त्याने दोन वर्षांखालील सर्व मुलगे मारविले. ख्रिस्तसभा २८ डिसेंबर रोजी या निष्पाप बालकांचा सण पाळते. राज्याच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून निरपराध्यांचा जीव घेण्याचे हे जुने उदाहरण दर नाताळात आपल्यासमोर ठेवले जाते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा विकास

युद्ध न्याय्य केव्हा म्हणता येईल, याचा विचार संत ऑगस्टीन यांनी केला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला व्यवस्थित मांडणी दिली. न्याय्य युद्धासाठी त्यांनी योग्य सत्ताधिकार, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू या तीन अटी घातल्या. निरपराध मनुष्याचा जाणूनबुजून वध कोणत्याही परिस्थितीत धर्मसंमत नाही, असेही त्यांनी सांगितले. त्यापूर्वी, इसवी सन ९८९ मध्ये, फ्रान्समधील शारू येथे भरलेल्या धर्मसभेने लढणाऱ्या सरदारांना गरीब शेतकरी आणि निःशस्त्र धर्मसेवक यांच्यापासून दूर राहण्याची ताकीद दिली होती.

सोळाव्या शतकात स्पेनमधील डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी एक महत्त्वाचे पाऊल पुढे टाकले. त्या काळी युरोपला तुर्कांच्या आक्रमणाचे मोठे भय वाटत असे. अशा शत्रूशी लढतानाही त्यांची बालके, स्त्रिया आणि निरुपद्रवी शेतकरी यांना मारता येणार नाही, असे व्हितोरिया यांनी प्रतिपादन केले. शत्रूचा धर्म वेगळा असला किंवा तो स्वतः नियम पाळीत नसला, तरी त्यामुळे त्याच्या लेकरांचा जगण्याचा हक्क नष्ट होत नाही, हा त्यामागील विचार आहे.

आधुनिक काळात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘गौदियम एत स्पेस’ या १९६५ च्या दस्तऐवजात (क्रमांक ८०) संपूर्ण शहरे सरसकट उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धकृत्याचा निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला आणि असे कृत्य देव व मानव या दोहोंविरुद्धचा गुन्हा असल्याचे जाहीर केले. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील क्रमांक २३०९ ते २३१४ यांत हाच विषय आहे. युद्ध सुरू झाले म्हणून नैतिक नियम स्थगित होत नाहीत. नागरिक, जखमी व कैदी यांना मानवतेने वागविले पाहिजे. वरिष्ठांची आज्ञा होती, एवढ्याने गुन्हा माफ होत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम व्हिते’ या परिपत्रकात निरपराध मनुष्याचा हेतुपुरस्सर वध नेहमीच गंभीर पाप आहे, हे पुन्हा अधिकृतपणे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात (क्रमांक २५८) आजच्या शस्त्रास्त्रांच्या काळात न्याय्य युद्धाचे जुने निकष लागू करणे अतिशय कठीण झाले आहे, असे मत मांडले.

आपल्या भूमीतील एक उदाहरण : सन १७३९

निःशस्त्र माणसाला लढाईतून वेगळे काढण्याची रीत आपल्याकडे परदेशी करारांतून आली, असे कोणी समजू नये. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी उत्तर कोकणातील माहीम, तारापूर इत्यादी ठाणी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली. तारापूरच्या किल्ल्यावरील लढाई घनघोर झाली; मराठ्यांचे नामांकित सरदार बाजी भिवराव तेथेच पडले. पुढे वसईचा वेढा काही महिने चालला. दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाली.

एवढ्या रक्तपातानंतर मे महिन्यात वसई शरण आली, तेव्हा सूड उगवणे सोपे होते. परंतु तहाच्या कलमांनी शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले. रहिवाशांना कुटुंबकबिला व चीजवस्तू घेऊन जाण्याची मोकळीक मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा देण्यात आली. मागे राहिलेल्या त्या कुटुंबांचे वंशज आज आपल्या धर्मग्रामांत आहेत. युद्धात नागरिकांना वगळण्याच्या त्या निर्णयाचे आपण स्वतः लाभार्थी आहोत, हे विसरून चालणार नाही.

तारापूरचे अणुवीज केंद्र आणि १९८८ चा करार

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातील अणुवीजनिर्मितीचा तो आरंभ होता. पुढे २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण येथील ग्रामस्थांना आपले गाव सोडावे लागले. केंद्रापासून बोईसर रेल्वे स्थानक दहा-बारा किलोमीटरवर आहे. अणुकेंद्रातील आपत्तीचे नियोजन करताना सर्वसाधारणपणे सोळा किलोमीटर परिघाचा विचार होत आला आहे. बोईसर, चिंचणी, तारापूर गाव, घिवली आणि मधल्या मच्छीमार व आदिवासी वस्त्या या परिघात येतात.

अशा केंद्रावर बॉम्ब पडला, तर हानी भिंतीआड राहत नाही. भट्टीतील आणि साठवणुकीच्या कुंडांतील वापरलेल्या इंधनातून किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडल्यास वारा नेईल तिकडे ती जातात. पावसाळ्यात आपल्याकडे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. पाणी, दूध, भाजीपाला, मासळी या सर्वांतून ती द्रव्ये माणसापर्यंत पोहोचतात. आज न जन्मलेली बालकेही त्यातून सुटत नाहीत.

हा धोका ओळखून डिसेंबर १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी आणि जनरल झिया उल हक यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याबाबत तोंडी समझोता झाला. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबाद येथे राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत त्याचा लेखी करार झाला. तो २७ जानेवारी १९९१ पासून अंमलात आला. १ जानेवारी १९९२ रोजी याद्यांची पहिली देवाणघेवाण झाली. १ जानेवारी २०२५ रोजीची देवाणघेवाण चौतिसावी होती. मध्यंतरी १९९९ चे कारगिल युद्ध, २००१ चा संसदेवरील हल्ला, २००८ चा मुंबईवरील हल्ला असे प्रसंग आले, तरी हा क्रम तुटला नाही. याद्या प्रसिद्ध केल्या जात नाहीत. मात्र कराराच्या व्याख्येत अणुवीज केंद्रे स्पष्टपणे समाविष्ट असल्याने तारापूरला त्याचे संरक्षण आहे.

या कराराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक करारातील कलम ५६ धरणे, बंधारे आणि अणुवीज केंद्रे यांना संरक्षण देते. परंतु केंद्रातील वीज लष्करी कारवायांना नियमित, मोठ्या प्रमाणावर व थेट साह्य करीत असेल आणि ते थांबविण्याचा अन्य मार्ग नसेल, तर ते संरक्षण संपू शकते, असा अपवाद तेथे आहे. भारत व पाकिस्तान यांनी त्या पूरक कराराला मान्यता दिलेली नाही. उलट त्यांच्या आपसातील करारात असा कोणताही अपवाद नाही. एकमेकांशी अनेकदा लढलेल्या दोन शेजाऱ्यांनी या बाबतीत जगापेक्षा कडक नियम स्वतःला लावून घेतला आहे.

अशा संरक्षणाची गरज किती खरी आहे, हे इतर देशांतील घटनांवरून दिसते. जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या आवारात लढाई झाली. जून २०२५ मध्ये इराणच्या नतांझ, फोर्दो व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ले झाले.

कराराला मर्यादाही आहेत. त्याच तारापूर परिसरातील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना अशा विशेष यादीत स्थान नाही. विषारी वायू किती माणसे मारू शकतो, हे १९८४ साली भोपाळने दाखवून दिले. नागरी मालमत्ता म्हणून कारखान्यांना सर्वसाधारण संरक्षण आहे. परंतु त्यातील कामगारांचे व शेजारच्या चाळींतील कुटुंबांचे प्राण शेवटी हल्ला करणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहतात.

दुसरी यादी : मच्छीमार

२००८ च्या करारानुसार नागरी कैदी व मच्छीमार यांच्या याद्या दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी दिल्या-घेतल्या जातात. १ जानेवारी २०२५ रोजी भारताने आपल्या ताब्यातील ३८१ नागरी कैदी व ८१ मच्छीमारांची, तर पाकिस्तानने ४९ नागरी कैदी व २१७ मच्छीमारांची नावे दिली. गुजरातच्या बंदरांतून निघणाऱ्या नौकांवर पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी मजुरीने जातात. समुद्रावर सीमारेषा आखलेली दिसत नाही. घरचा कर्ता पुरुष वर्षानुवर्षे परदेशी तुरुंगात, आणि मागे पत्नी, मुले व वृद्ध आईवडील वाट पाहत, ही आपल्या जिल्ह्याला परिचित असलेली वेदना आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर गुजरातच्या किनाऱ्याजवळ एका मासेमारी नौकेवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील एक तरुण मच्छीमार प्राणास मुकला. तेव्हा युद्ध चालू नव्हते.

मच्छीमारांना युद्धातून वगळण्याची प्रथा अतिशय जुनी आहे. १९०० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळात पकडलेल्या क्यूबाच्या मासेमारी नौकांबाबत निर्णय देताना या प्रथेचा आधार घेतला. १९०७ च्या हेग करारानेही किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या नौकांना संरक्षण दिले. गरिबाचे पोट ज्या होडीवर चालते, ती शत्रूची असली तरी शत्रू नव्हे, हा त्यातील साधा न्याय आहे.

वादातील मुख्य मुद्दे

या विषयावरील चर्चेत काही आक्षेप वारंवार येतात. त्यांचा थोडक्यात विचार करू.

पहिला आक्षेप : “ते आपले नागरिक मारतात, मग आपण त्यांच्या नागरिकांची पर्वा का करावी?” २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध्यांची हत्या झाली, तेव्हा असा संताप सर्वत्र उसळला. तो समजण्यासारखा आहे. अन्याय करणाऱ्यास शासन करण्याचा व नागरिकांचे रक्षण करण्याचा राज्याचा अधिकार ख्रिस्तसभा मान्य करते. परंतु पहलगामचे कृत्य दुष्ट ठरते ते निःशस्त्र माणसांना मारल्यामुळेच. तेच कृत्य आपण केले, तर त्याला दुष्ट म्हणण्याचा आधारच आपण गमावतो.

दुसरा आक्षेप : “थोडे नागरिक मारून युद्ध लवकर संपले, तर पुष्कळांचे प्राण वाचतात.” हिरोशिमा व नागासाकीच्या समर्थनार्थ हाच युक्तिवाद केला जातो. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बने उराकामी कॅथेड्रल नष्ट झाले आणि तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार मृत्युमुखी पडले. छळाच्या काळात अडीचशे वर्षे गुप्तपणे श्रद्धा जपलेल्या समाजाचे ते वंशज होते. बॉम्बचा आदेश देणारे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना १९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा कॅथलिक तत्त्वचिंतक एलिझाबेथ अँस्कोम यांनी जाहीर विरोध केला. आपल्या हेतूसाठी साधन म्हणून निरपराध्यांना ठार मारणे म्हणजे खूनच, अशी त्यांची भूमिका होती. चांगल्या फळासाठी वाईट कृत्य करता येत नाही, ही संत पौलाची शिकवण येथे लागू पडते.

तिसरा आक्षेप : “हेतू नसताना काही नागरिक मरतातच; मग युद्ध कधीच करता येणार नाही.” येथे ‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व उपयोगी पडते. कृत्य मुळात योग्य असावे, नागरिकांचा मृत्यू हा हेतू नसावा, तो यश मिळविण्याचे साधनही नसावा आणि होणारी हानी साधल्या जाणाऱ्या हिताच्या मानाने फार मोठी नसावी, अशा त्याच्या अटी आहेत. शत्रूच्या तोफेवर मारा करताना जवळच्या घराला धक्का बसणे आणि घरावरच नेम धरणे यांत नैतिक अंतर आहे. तथापि या तत्त्वाचा पळवाट म्हणून वापर होऊ नये. धोका आधी ठाऊक असेल, तर तो टाळण्याची खटपट करणे बंधनकारक आहे. अणुवीज केंद्राच्या बाबतीत तर शेवटची अट पूर्ण होणे जवळजवळ अशक्य आहे.

चौथा आक्षेप : “शत्रू नागरिकांच्या आड लपतो.” असे लपणे हे गंभीर पाप आहे व त्याची मोठी जबाबदारी लपणाऱ्यावर येते. तरीही ज्याच्या आड तो लपला, त्या नागरिकाने आपला जगण्याचा हक्क गमावलेला नसतो.

मे २०२५ : बोईसर आणि पूंछ

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यादीत महाराष्ट्रातील मुंबई, उरण आणि तारापूर ही तीन ठिकाणे पहिल्या श्रेणीत होती. भोंगे, दिवे मालवणे, सुरक्षित जागी जाणे हे शब्द बोईसरच्या घराघरांत पोहोचले. त्याच दिवसांत सीमेवरील पूंछ येथे पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात नागरिक मारले गेले. तेथील कॅथलिक शाळेच्या मागे गोळा पडून त्या शाळेतील दोन विद्यार्थी आपल्या घरीच मृत्यू पावले, अशी माहिती परराष्ट्र सचिवांनी दिली. पाकिस्ताननेही आपल्या बाजूला बालकांसह ४० नागरिक मरण पावल्याचे सांगितले. आपले लक्ष्य केवळ दहशतवाद्यांचे तळ होते, असे भारताने स्पष्ट केले. दोन्ही बाजूंच्या अणुकेंद्रांविषयीचा करार मात्र त्या चार दिवसांतही मोडला गेला नाही.

भाविकांचे कर्तव्य

तारापूरवर कोणी हल्ला करू नये असे आपल्याला मनापासून वाटते. त्यासाठी आपण कराराचा, कायद्याचा व देवाच्या आज्ञेचा आधार घेतो. तोच आधार कराचीच्या अणुवीज केंद्राजवळ राहणाऱ्या कोळ्यालाही आहे. आपल्या लेकरांसाठी जे मागतो, ते त्याच्या लेकरांना नाकारले, तर ती मागणी केवळ आपल्या बाजूची होते आणि तिच्यातील धर्म निघून जातो.

म्हणून युद्धाच्या बातम्या वाचताना आणि त्या मोबाईलवरून पुढे पाठविताना आपण सावध असावे. शत्रुराष्ट्रातील नागरिक मेल्याच्या बातमीवर हर्ष व्यक्त करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. सैन्यात सेवा करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींचा आदर राखावा. त्यांच्या कर्तव्यातच निःशस्त्रांचे रक्षण येते. धर्मग्रामांनी आपत्कालीन सरावात प्रशासनाला सहकार्य करावे, वस्तीतील वृद्ध, आजारी व एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची नोंद ठेवावी. तुरुंगात अडकलेल्या मच्छीमारांची कुटुंबे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, आपल्या साह्याची व प्रार्थनेची वाट पाहत आहेत.

येत्या १ जानेवारीला मिस्सेच्या वेळी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत शांततेची विनंती केली जाईल. त्या वेळी या दोन याद्यांचे स्मरण करावे, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्यांचे प्राण त्या कागदांवर विसंबून आहेत, त्या सर्वांना देवमातेच्या हवाली करावे.